पानावर आडवा धरलेला हात

डॉक्टर मावशी,
मी ३४ वर्षांची. विश्रामबागेत राहते. घरात सासू-सासरे आणि सात वर्षांचा मुलगा. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. दीड महिन्यापूर्वी त्यानं ऑनलाइन एक व्हायब्रेटर मागवला. मला आधी काहीच बोलला नव्हता. खोक्यावर ‘बॉडी मसाजर’ लिहिलेलं. पार्सल सासूबाईंनी घेतलं, त्यांना वाटलं आपल्या गुडघ्यासाठी आणलंय! ‘तुझ्यासाठीच आणलंय, वापरून तर बघ,’ असं तो म्हणत होता. दोनदा मी नको म्हणाले. तिसऱ्या शनिवारी त्याचं उतरलेलं तोंड बघवेना म्हणून बरं म्हणाले. मधेच नकोसं झालं, पण बोलले नाही. नंतर दोन दिवस आग होत होती. आधी मी ते डेटॉलनं धुतलं होतं, खोबरेल तेलही लावलं होतं. उघडलं तेव्हा नव्या रेनकोटसारखा वास येत होता. आता तो म्हणतो, मोबाइलवरून चालणारं घेऊ, म्हणजे मला पुण्याहून लावता येईल. मला रागही आहे आणि खरं सांगायचं तर कुतूहलही आहे. हे घाण आहे का? याची सवय लागते का? घरात ठेवणं गुन्हा आहे का?
एक वाचक, सांगली

वयानं तू माझ्या धाकट्या मुलीएवढी, म्हणून अगं-तुगं करते.

तू तीन प्रश्न विचारलेस, तिन्ही सोपे आहेत. चौथी गोष्ट तू विचारलीच नाहीस, एका ओळीत सांगून पुढं गेलीस: ‘मधेच नकोसं झालं, पण बोलले नाही.’ पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी तिथंच अडले. त्याकडं येते, पण आधी आगीचं बोलू.

रेनकोटच्या वासात अर्धं उत्तर आहे. स्वस्तातली, हाताला चिकट लागणारी, लिबलिबीत खेळणी पुष्कळदा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ करायला थॅलेट जातीची रसायनं मिसळतात आणि ती प्लॅस्टिकमध्ये पक्की बसत नाहीत, हळूहळू बाहेर झिरपतात. शिवाय हा माल सच्छिद्र असतो. डोळ्याला न दिसणाऱ्या त्या छिद्रांत ओल आणि जंतू घर करतात, मग कितीही घासा. त्यामुळं हे मशीन कितीला घेतलं होतं याचा विचार न करता टाकून दे. आत बॅटरी असते, तेव्हा ओल्या कचऱ्यात नको, ई-कचऱ्यात दे.

उरलेलं अर्धं उत्तर डेटॉलमध्ये. निरोगी योनीतलं वातावरण आंबटसर असतं, पीएच साधारण ३.८ ते ४.५. तिथं राहणारे चांगले जंतूच बाकीच्यांना आत येऊ देत नाहीत. जंतुनाशक लागलं की पहिले बळी या पहारेकऱ्यांचे जातात, आणि तिथली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते ते वेगळंच. आपण पडलो हळदीच्या पेठेतले, काहीही झालं की चिमूटभर हळद लावायची आपल्याला हौस. तपासायच्या टेबलावर मी तीही पाहिली आहे. आत काहीही लावायचं नाही, आतून धुवायचंही नाही. आग अजून असेल, दह्यासारखं पांढरं जात असेल, खाज, वेगळा वास किंवा ताप असेल तर तपासून घे. दुकानात जाऊन ‘खाजेचं एखादं मलम द्या’ म्हणू नकोस. आणि डॉक्टरला मशीनचंही सांग. आम्ही दचकत नाही, आमचा अर्धा वेळ वाचतो.

पुढं कधी घ्यावंसं वाटलंच, तर निव्वळ सिलिकॉन, कडक एबीएस प्लॅस्टिक, स्टील किंवा बोरोसिलिकेट काच. यांना छिद्रं नसतात. २०२१ मध्ये या वस्तूंसाठी आयएसओ ३५३३ नावाचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आलं, त्याचा उल्लेख खोक्यावर दिसला तर बरंच. नुसत्या ‘मेडिकल ग्रेड’ या शब्दांवर जाऊ नकोस, ते छापायला काही पडत नाही. नाकावर जास्त विश्वास ठेव. उग्र वास आला की परत.

धुवायला साधा, बिनवासाचा साबण आणि कोमट पाणी पुरे, वापरायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. मग स्वच्छ फडक्यानं कोरडं करून सुती पिशवीत. मोटर नसलेलं सिलिकॉन किंवा स्टील तीन ते पाच मिनिटं उकळलं तरी चालतं (दुधाचं पातेलं सोडून दुसरं घे), मोटर असलेलं कधीच नाही. आयपीएक्स७ लिहिलं असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतं, तसं काही लिहिलेलं नसेल तर नळाखाली न धरता ओल्या फडक्यानं पूस. चार्जिंग करताना कोरडं असू दे आणि ते लावून झोपू नकोस.

खोबरेल तेल डोक्याला. तेल, तूप, व्हॅसलीन यांनी लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटतो, आणि तुम्ही पाळणा लांबवायला निरोधच वापरत असाल तर तेलामुळं भलतीच बातमी मिळेल. औषधाच्या दुकानात पाण्याच्या बेसची जेली मिळते, बिनवासाची, ‘गरम’, ‘थंड’ असलं काही न लिहिलेली. ती निरोधालाही चालते आणि सगळ्या खेळण्यांनाही. सिलिकॉनची जेली मात्र सिलिकॉनच्या खेळण्याला लावू नये, पृष्ठभाग खराब होतो. बधिर करणारी जेली तर अजिबात नको. दुखणं हा शरीराचा ‘थांब’ असतो, तोच बंद करून कसं चालेल?

हे मशीन आत घालायचंच असतं अशी तुझी समजूत झालेली दिसते, कदाचित त्याचीही. बहुतेक बायकांना सुख मिळतं ते बाहेरच्या क्लिटोरिसमधून, आपल्या पुस्तकांत तिला शिश्निका म्हणतात. तिचा मोठा भाग आत दडलेला असतो. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यविशारद बाईंनी १९९८ मध्ये तिची पूर्ण रचना नीट मांडली, तोवर वैद्यकाच्या पुस्तकांतसुद्धा ती अर्धीमुर्धीच असायची. तेव्हा बाहेरच्या बाहेर, कपड्यावरून, सगळ्यात कमी वेगावर, एवढ्यानंही सुरुवात होते. आणि पहिल्यांदा तू एकटीच असताना, दार लावून. त्यात नवऱ्याची फसवणूक नाही. आपल्याला काय आवडतं हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर त्याला सांगणार काय?

आता ती ओळ.

आपल्याकडच्या लग्नाची पंगत आठव. पोट भरलंय, तू पानावर हात आडवा धरलास. वाढपी काय करतो? हसत हसत बोटांच्या फटीतून जिलबी सरकवतो. शेजारचे म्हणतात, ‘घ्या हो, एकानं काय होतंय!’ तूही हसतेस आणि खातेस, कारण नाही म्हटलं तर समोरच्याचा हिरमोड. आपण या आग्रहात वाढलो. ‘नको’ म्हणजे ‘अजून एकदा विचारा’ हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, अंगात भिनलंय. तुझा नवरा तीन शनिवार तेच करत होता. तो दुष्ट आहे असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. तो वाढपी झाला आणि तू जिलबी खाल्लीस.

फरक एवढाच की जिलबी पानात टाकून उठता येतं.

म्हणून तुमच्या खोलीत आग्रह बंद. ‘नको’ एकदा म्हटलं की त्या रात्रीपुरता विषय संपला, आणि पुढच्या वेळी तो तू काढायचास. ‘बघू’, ‘तुझी मर्जी’, ‘लवकर आटप’ ही होकाराची रूपं नव्हेत. गप्प राहणं तर नव्हेच. हो म्हटल्यावर मधेच नको वाटणंही अगदी सरळ गोष्ट आहे. त्यासाठी दुखायलाच हवं असं नाही, नुसता मूड गेला तरी पुरे. ‘थांब’ म्हटलं की आधी मशीन बंद, मग वाटलंच तर ‘काय झालं?’ कारण ऐकून पटलं तर थांबायचं, असा उलटा क्रम चालणार नाही. आणि सुरुवातीचे काही महिने बटण तुझ्या हातात. हे मी पत्रातून सांगते, तसं माझ्याकडं येणाऱ्या जोडप्यांनाही समोर बसवून सांगते. नवरे आधी नाराज होतात. मग त्यांच्या लक्षात येतं की बायको अंग चोरायची थांबली.

‘तुझ्यासाठीच आणलंय’ या वाक्याबद्दल. साडी आणतानासुद्धा फोन करून रंग विचारतात. ही तर अंगाला लागणारी वस्तू. पैसे कुणाचेही असोत, ती कुणाच्या शरीराला लागणार त्याला आधी विचारायचं. तू त्याच्यासाठी काही आणलंस तर हाच नियम तुलाही.

हे त्याला सांगायचं कुठं? पलंगावर नक्कीच नाही, आणि शनिवारी रात्री तो दमून आलेला असतानाही नाही. रविवारी संध्याकाळी मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवून दोघं हरिपूरच्या रस्त्याला चालायला जा. चिंचेच्या झाडांखालून शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, जड गोष्टी सोप्या जातात. संगमावर बसा, भडंगाची पुडी फोडा. ‘त्या दिवशी मी बरं म्हणाले ते तुझं तोंड बघून, मला नको होतं,’ एवढं एक वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. तो सफाई देईल. देऊ दे.

याच सांगलीत १९९२ मध्ये ‘संग्राम’ संस्थेचं काम सुरू झालं आणि १९९६ मध्ये धंद्यातल्या बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही, हे या बायका एकजुटीनं म्हणायला शिकल्या, आणि तेही पोटाचा प्रश्न असताना. पैसे घेऊन आलेल्या परक्या पुरुषाला ‘नाही’ सांगता येतं, आणि ज्याच्यासोबत नऊ-दहा वर्षं संसार केला त्याला सांगताना आपली जीभ जड होते. प्रेम आडवं येतं, दुसरं काय. पण सांगायचं काय आणि कसं, हे शिकायचं असेल तर गुरू लांब शोधायला नकोत.

तू त्याला स्पष्ट सांगितल्यावर तो ओशाळला, चिडचिडला, दोन दिवस अबोला धरला, तर ते चालायचंच. पण ‘नाही’ ऐकून जबरदस्ती केली, हात उगारला किंवा ‘माहेरी जा’ म्हणाला, तर ती वेगळी गोष्ट. नवऱ्यानं सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती आपला कायदा अजून बलात्कार मानत नाही, नव्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद तसाच ठेवलाय. याची मला चीड आहे. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट शब्दांत येतो, त्याखाली दाद मागता येते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर. तुला तो लागेल असं वाटत नाही, हे वाचणाऱ्या एखादीला लागेल.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण नवरे हमखास तिकडं वळतात, म्हणून. योनी ही बंद गल्ली आहे, तिच्या शेवटाला गर्भाशयाचं तोंड असतं. गुदद्वाराचा मार्ग पुढं आतड्याला जाऊन मिळतो, आणि तिथले स्नायू वस्तू आत ओढून घेतात. म्हणून तिथं फक्त रुंद बुडाची, त्याच कामासाठी बनवलेली वस्तू, भरपूर जेली आणि दोघांचा खरा होकार. मी मिरजेत नोकरीला असताना एका मध्यरात्री कॅज्युअल्टीत एक गृहस्थ आले होते. ते बाकावर बसत नव्हते, भिंतीला टेकून उभे. डिओची बाटली आत राहून दोन दिवस झालेले. लाजेनं कुणाला सांगितलं नाही, एरंडेल पिऊन पाहिलं आणि त्यानं पोटदुखी आणखी वाढली. भूल देऊन काढावी लागली. पहिल्या तासात आले असते तर बहुधा तासाभरात घरी गेले असते. असं काही झालं तर ना जुलाब, ना घरगुती चिमटे, सरळ दवाखाना. गुदद्वारात वापरलेली वस्तू तशीच पुढं योनीकडं आणायची नाही, साबणानं धुवायची किंवा वरचा निरोध बदलायचा. एकच वस्तू दोघांनी वापरली तरी हेच. एचपीव्हीसारखे (हा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरतो) संसर्ग अशा वस्तूंवरूनही पसरतात. आणि काकडी-गाजरं कोशिंबिरीला राहू देत, आत मोडतात.

मोबाइलवरून चालणाऱ्या मशीनची कल्पना मला मुळात वाईट वाटत नाही. आठवड्याचे पाच-सहा दिवस लांब राहणाऱ्या नवरा-बायकोंना काही तरी हवंच की. पण तुझ्या घरात संध्याकाळी मुलगा गृहपाठ करतो, सासरे टीव्ही बघतात. बटण पुण्यात असेल तर तो दाबण्याआधी फोन करेल, दर वेळी, आणि तू हो म्हटल्यावरच. एकदाच दिलेली परवानगी आयुष्यभराची नव्हे. दुसरं म्हणजे माहिती. कॅनडातल्या अशा एका कंपनीचं ॲप वापराची वेळ आणि वेगसुद्धा ग्राहकांना न सांगता साठवत असल्याचं उघड झालं, आणि २०१७ मध्ये तिला लाखो डॉलर्सची तडजोड करावी लागली. तेव्हा ॲपला खरं नाव देऊ नका, फोटोंची आणि संपर्कांची परवानगी देऊ नका. व्हिडिओ कॉलवर चेहरा नको, आणि रेकॉर्डिंग तर नकोच नको. तुझ्या संमतीशिवाय तुझं खासगी चित्रण काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे, मग काढणारा नवरा का असेना.

आता तुझे तीन प्रश्न.

घाण नाही. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना मासिकातून उत्तरं दिली म्हणून. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले, दंडही झाला. मला हे उत्तर लिहिताना फक्त संपादकांचा फोन येतो, ‘जरा सांभाळून, मॅडम.’ एवढा तरी पल्ला आपण गाठलाय.

सवयीचं म्हणशील तर, जास्त वेळ वापरलं की थोडं बधिरपण येऊ शकतं, ते थोड्या वेळात जातं. फार वेगाशिवाय काही जाणवेनासं झालं तर काही दिवस बाजूला ठेव. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची १८ ते ६० वयाच्या दोन हजारांवर बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणींनी कधी ना कधी व्हायब्रेटर वापरलेला होता, आणि वापरणाऱ्यांपैकी बहुतेकींना कसलाही त्रास झालेला नव्हता. मधुमेहामुळं संवेदना कमी झाली असेल, गरोदरपणात रक्तस्राव होत असेल, बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील किंवा संसर्ग चालू असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

गुन्ह्याचं. अश्लील वस्तू विकण्यावर, जाहीर दाखवण्यावर कायद्याचा रोख आहे, म्हणून तर खोक्यावर ‘बॉडी मसाजर’ लिहितात. दोन सज्ञान माणसांनी आपल्या खोलीत खासगी वापरासाठी अशी वस्तू ठेवण्यावर बंदी घालणारा कायदा नाही. सीमाशुल्क खात्यानं परदेशातून आलेले बॉडी मसाजर ‘यांचा तसाही वापर होऊ शकतो’ म्हणून जप्त केले होते, तर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खात्याचं म्हणणं फेटाळलं. तेव्हा पोलीस दार वाजवतील ही भीती काढून टाक. दार वाजलंच तर सासूबाई असतील.

त्यावरून आठवलं. त्या गुडघ्याच्या मशीनचं पुन्हा विचारतील, म्हातारी माणसं असलं विसरत नाहीत. ‘खराब निघालं, टाकून दिलं,’ असं सांग, तू खरंच टाकणार आहेस. आणि त्यांच्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी आण, गुडघ्याला चांगला शेक मिळतो. हे सगळं मिटेपर्यंत पार्सल तू स्वतः घेत जा, किंवा नवऱ्याला पुण्याच्या पत्त्यावर मागवायला सांग, शनिवारी येताना बॅगेतून घेऊन येईल. अर्थात तुला विचारून.